सगळ्या रहिवाशांना

[पडद्यावर : घंटेची कड, अगदी जवळून. संगीत नाही.]

ही अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाची ‘लिबर्टी बेल’, म्हणजे स्वातंत्र्याची घंटा. तिच्यावरची ही रुंद फट नीट बघा. हिच्या कडांवर ओळीनं बारीक खुणा दिसतात, चाळीसहून जास्त. या ड्रिलच्या खुणा आहेत. जगभर जिला या घंटेची भेग म्हणून ओळखतात, ती खरं तर डागडुजी आहे. घंटेला आधी एक बारीक चीर गेली होती. ठोका पडला की चिरेच्या दोन कडा एकमेकींवर घासायच्या आणि आवाज चिरका यायचा. म्हणून 1846 साली कारागिरांनी ती मुद्दाम कोरून रुंद केली. फेब्रुवारीत जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या जयंतीला घंटा वाजवायची होती. वाजलीही, चांगली काही तास. मग दुसरी चीर गेली. ती केसाएवढी आहे, पटकन नजरेत येत नाही. पण तिच्यामागोमाग नजर वर न्या. ‘फिलाडेल्फिया’च्या संक्षिप्त अक्षरांपासून ती निघते आणि थेट ‘लिबर्टी’ या शब्दातून आरपार जाते. त्यानंतर ही घंटा पूर्वीसारखी कधीच खणखणली नाही.

[पडद्यावर : इंडिपेंडन्स हॉलचा मनोरा.]

पेनसिल्व्हेनिया ही तेव्हा ब्रिटिशांची वसाहत. तिथल्या विधिमंडळानं आपल्या इमारतीसाठी (तेव्हाचं स्टेट हाउस, आजचा इंडिपेंडन्स हॉल) 1751 साली लंडनहून घंटा मागवली. पुढच्या वर्षी ती फिलाडेल्फियात उतरली आणि वाजवून बघताना पहिल्याच ठोक्याला तडकली. जॉन पास आणि जॉन स्टो या दोघा स्थानिक ओताऱ्यांनी ती वितळवली, तांबं वाढवलं, पुन्हा ओतली. आता नाद बिघडला. लोकांनी नावं ठेवली. दोघांनी पुन्हा भट्टी पेटवली आणि 1753 साली तिसऱ्यांदा ओतलेली ही घंटा वर चढली. वजन सुमारे 940 किलो. कथील, तांबं आणि दोन माणसांची जिद्द. त्यांची नावं आजही तिच्यावर कोरलेली आहेत.

कामही साधंच होतं : सभासदांना बैठकीला बोलावणं, काही जाहीर करायचं असेल तर गाव गोळा करणं. 4 जुलै 1776 ला स्वातंत्र्य जाहीर झालं म्हणून हीच घंटा दणाणली, असं अमेरिकेतल्या पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आल्या. त्या दिवसाचा तसा कुठलाही पुरावा नाही. ती हकिगत 1847 साली छापलेल्या एका काल्पनिक कथेतून आली. घंटेचं खरं मोल मला त्या कथेत दिसतच नाही. ते दिसतं तिच्यावरच्या ओळीत.

[पडद्यावर : कोरीव अक्षरं, एकेक शब्द.]

ओळ बायबलची आहे, लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायातली. ‘देशभर, देशातल्या सगळ्या रहिवाशांना, स्वातंत्र्याची द्वाही फिरवा.’ दर पन्नासाव्या वर्षी दासांना मोकळं करावं, विकली गेलेली जमीन मूळ कुटुंबाला परत द्यावी, असा त्या अध्यायाचा आदेश.

सगळ्या रहिवाशांना. आणि हाकेच्या अंतरावर काय चाललं होतं?

फिलाडेल्फिया 1790 ते 1800 देशाची राजधानी होती. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन इथल्याच एका घरात राहत आणि त्या घरात त्यांनी नऊ गुलाम ठेवले होते. पेनसिल्व्हेनियाचा कायदा असा, की बाहेरून आणलेला गुलाम सलग सहा महिने राज्यात राहिला तर तो स्वतंत्र होऊ शके. म्हणून मुदत भरत आली की त्या माणसांना राज्याची हद्द ओलांडून नेत आणि परत आणत. त्यांच्यात एक होती ओना जज, मार्था वॉशिंग्टन यांची दासी, विशीतली मुलगी. 1796 च्या मे महिन्यात घरची मंडळी जेवायला बसली असताना ती दारातून बाहेर पडली, जहाजानं न्यू हॅम्पशायरला पोचली. तिच्या मागे माणसं धाडली गेली. ती परत आली नाही. 1848 साली वारली, तेव्हाही कायद्याच्या लेखी ती पळालेली गुलामच होती.

आज घंटा जिथे ठेवली आहे त्या इमारतीला लागूनच त्या घराची जागा आहे.

तोवर हिला ‘स्टेट हाउसची घंटा’ म्हणत. ‘लिबर्टी बेल’ हे नाव छापलं ते गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांनी, 1835 साली, आपल्या नियतकालिकात. देशात तेव्हा 20 लाखांहून जास्त माणसं गुलाम होती. घंटेवरचा शब्द या मंडळींनी शब्दशः घेतला : सगळ्या म्हणजे सगळ्या.

[पडद्यावर : पुणे, फुले वाड्याचं अंगण.]

अमेरिकेत गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती 1865 साली झाली. त्यानंतर आठ वर्षांनी पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी निरपेक्षपणे झीज सोसली, माझ्या देशबांधवांनीही शूद्र भावंडांना सोडवताना त्यांचा कित्ता गिरवावा, असा त्या अर्पणपत्रिकेचा आशय. ज्या चळवळीनं घंटेला नाव दिलं, त्याच चळवळीला केलेला हा नमस्कार. मराठी माणसाला ही घंटा परकी वाटू नये, ती म्हणूनच.

[पडद्यावर : ट्रकवर बांधलेली घंटा, जुनं छायाचित्र.]

1915 साली मताधिकार मागणाऱ्या बायकांनी हुबेहूब दुसरी घंटा ओतून घेतली. फक्त भेग ठेवली नाही. तिचा लोलक साखळीनं बांधला आणि ती ट्रकवर चढवून पेनसिल्व्हेनियाच्या 67 च्या 67 काउंट्या, म्हणजे जिल्हे, पालथ्या घातल्या. त्या वर्षीचं जनमत त्यांच्या विरुद्ध गेलं. साखळी तशीच राहिली, पाच वर्षं. 1920 च्या ऑगस्टमध्ये मताधिकाराची घटनादुरुस्ती मंजूर झाली आणि सप्टेंबरमध्ये ती घंटा पहिल्यांदा बोलली.

आणखी एक माणूस. रिचर्ड रॉबर्ट राइट, जन्मानं गुलाम. यादवी युद्ध संपल्यावर अटलांटाच्या शाळेत एका सेनाधिकाऱ्यानं मुलांना विचारलं, ‘उत्तरेतल्या मुलांना तुमचा काय निरोप सांगू?’ छोटा राइट उठून म्हणाला, ‘सांगा, आम्ही वर येतोय.’ पुढे तो शिक्षक झाला, कॉलेजचा अध्यक्ष झाला, फिलाडेल्फियात त्यानं बँक काढली. ऐंशी ओलांडल्यावर त्यानं गुलामांच्या मुक्तीच्या स्मरणासाठी एक दिवस मागितला : 1 फेब्रुवारी. 1865 साली याच तारखेला लिंकननी तेराव्या घटनादुरुस्तीच्या ठरावावर सही केली होती. 1942 च्या 1 फेब्रुवारीला म्हाताऱ्या राइटनी या मुक्या घंटेला पुष्पचक्र वाहिलं. 1947 साली ते गेले. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी त्या दिवसाला कायद्यानं मान्यता दिली.

[पडद्यावर : फुलं, आणि मागे ती फट.]