त्याच भांड्यातलं पाणी

श्रोतेहो, नमस्कार. आज ब्लूज या गाण्याविषयी बोलायचं आहे, आणि त्याहून जास्त एका पाण्याच्या भांड्याविषयी.

ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं. गुलामगिरी 1865 साली कायद्यानं संपली, पण कापसाचे मळे आणि मालक तसेच राहिले. मिसिसिपीच्या डेल्टा भागात, अशाच मळ्यांवर, हे गाणं वाढलं. बांधणी साधी. एक ओळ म्हणायची, तीच ओळ पुन्हा म्हणायची, मग तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर. ध्यानात ठेवा: एक ओळ, तीच ओळ, मग उत्तर. आणि सूर? कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे कुठंतरी गळा रेंगाळतो. ती जागा पेटीवर सापडायची नाही. पेटीला मीड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरणं, येत नाही म्हणून आकाशवाणीनं 1940 पासून तीसेक वर्षं तिला दाराबाहेर ठेवलं होतं. मला तो मोठाच अन्याय वाटतो. घराघरांत गाणं पोचवलं ते पेटीनंच. असो.

तर, ऑगस्ट 1941. क्लार्क्सडेल गावाजवळचा स्टोव्हॉल मळा. तिथं मॅकिन्ली मॉर्गनफील्ड नावाचा तरुण ट्रॅक्टर चालवायचा. लहानपणी चिखलात खेळायचा म्हणून आजी त्याला ‘मडी’ म्हणायची. जग त्याला पुढं मडी वॉटर्स म्हणून ओळखणार होतं. बोटात बाटलीचा गळा अडकवून तो गिटारच्या तारांवरून असा फिरवायचा की तार माणसासारखी विव्हळायची. आणि हो, चोरून हातभट्टीही लावायचा.

एक दिवस निरोप आला: कुणी गोरा माणूस तुला शोधतोय. मडीच्या पोटात गोळा आला. अबकारीवालाच असणार!

आलेला होता अ‍ॅलन लोमॅक्स. अमेरिकन संसदेच्या ग्रंथालयासाठी लोकगीतं गोळा करत फिरणारा. त्या मोहिमेत फिस्क विद्यापीठाचे कृष्णवर्णीय अभ्यासक जॉन वर्क बरोबरीचे होते. त्यांचं नाव लोक गाळतात, मी गाळणार नाही. लोमॅक्सनं पाणी मागितलं. मडीनं आणून दिलं. आणि मडी ज्या भांड्यातून प्यायचा, त्याच भांड्यातून हा गोरा माणूस पाणी प्यायला.

त्याच भांड्यातून, श्रोतेहो. महाडच्या तळ्याची गोष्ट ज्यांनी घरात ऐकली आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. पण मडीचा जीव काही भांड्यात पडला नाही. उलट संशय वाढला! गोरा माणूस असं करतो? मला पकडायला हा काय वाट्टेल ते करेल, असं मनात आल्याचं त्यानं स्वतःच पुढं सांगितलं आहे.

गाणं हवंय, दारू नकोय, हे पटल्यावर मडीच्या घरातच यंत्र मांडलं गेलं. मडी गायला. मग तबकडी लावली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला. त्या शनिवारी दुपारी मला काय वाटलं ते तुम्हाला कळायचं नाही, असं तो म्हणायचा.

पुढं लोमॅक्सनं दोन तबकड्या आणि वीस डॉलरचा चेक पाठवला. मडीनं एक तबकडी उचलली, नाक्यावरच्या ज्यूकबॉक्समधे, म्हणजे नाणं टाकलं की गाणं वाजवणाऱ्या यंत्रात, नेऊन घातली, आणि लावत राहिला. पुन्हा लावली, पुन्हा लावली. मला जमतंय, मला जमतंय, असं स्वतःशी म्हणत.

1943 साली त्यानं मळा सोडला आणि शिकागोची गाडी धरली. तिथल्या दारूच्या गुत्त्यांच्या कोलाहलात साधी गिटार ऐकू येईना, म्हणून हातात विजेवरची गिटार आली. पुढचा इतिहास तुमच्या ओळखीच्या रॉक संगीतापर्यंत जातो. तो पुन्हा कधीतरी.

आता ऐकू या मळ्यावरचं तेच 1941चं ध्वनिमुद्रण. शब्द कळले नाहीत तरी चालेल. तीच ओळ दुसऱ्यांदा येते, तेव्हा बाटलीचा गळा तारेवर काय करतो, तेवढं ऐका.