नाईक यशवंत घाडगे: माणगाव ते मोंतोने

(दृश्य: कासिनो येथील युद्धस्मारक, नावं कोरलेले स्तंभ)

रोमच्या दक्षिणेला कासिनो नावाचं गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात इथे इतकी घनघोर लढाई झाली की गावाचा दगडावर दगड राहिला नाही. आज तिथे युद्धात गेलेल्यांची स्मशानभूमी आहे, आणि तिच्या मधोमध चार हजारांहून जास्त नावं असलेलं स्मारक. ही सगळी माणसं इटलीच्या मोहिमेत कामी आली. त्यांना मूठमाती मिळाली की अग्नी, आणि कुठे, याचा माग लागला नाही. म्हणून फक्त नावं. त्यातलं एक नाव आपल्या माणगावचं: नाईक यशवंत घाडगे, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री, व्हिक्टोरिया क्रॉस. नाईक हा त्यांचा पलटणीतला हुद्दा. वय वर्षं बावीस.

(दृश्य: माणगाव परिसर, पावसातली भातखाचरं)

माणगाव तालुका तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होता. रायगड जिल्हा हे नाव पुढे १९८१ मध्ये आलं, पण खुद्द रायगड किल्ला इथून फार लांब नाही. पळसगावजवळच्या एका वाडीत १६ नोव्हेंबर १९२१ रोजी यशवंतरावांचा जन्म झाला. कोकणात त्या काळी पोटापाण्याचा हिशेब सरळ होता. चार महिने भातशेती, आणि त्यावर वर्ष निघत नाही म्हणून घरटी एखादा माणूस मुंबईला गिरणीत, नाहीतर पलटणीत. पलटणीत जाणारा गावात परतला की त्याच्या बुटांचा आवाज लहान पोरं ऐकत राहायची. भरतीसाठी वेगळी जाहिरात लागत नसे.

यशवंतराव रेजिमेंटच्या ज्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते, तिचा दबदबा आधीच होता. मार्च १९४१ मध्ये पूर्व आफ्रिकेत, एरिट्रियातल्या केरेनच्या लढाईत याच बटालियनने ‘फ्लॅट टॉप’ नावाची टेकडी घेतली. तेव्हा तिचे कमांडिंग ऑफिसर होते डेनिस रीड. पुढे हे रीडसाहेब उत्तर आफ्रिकेत शत्रूच्या हाती सापडले, कैदेतून निसटले आणि १९४४ मध्ये इटलीत दहाव्या भारतीय डिव्हिजनचे सेनापती झाले. मराठे याच डिव्हिजनमध्ये होते. म्हणजे आपली जुनी पलटण काय चीज आहे, हे वरच्या साहेबाला सांगायची गरज नव्हती.

(दृश्य: नकाशा, रोमपासून उत्तरेला टायबर नदीचं खोरं)

४ जून १९४४ रोजी रोम पडलं. दोनच दिवसांनी दोस्त सैन्य फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं आणि जगातली सगळी वर्तमानपत्रं तिकडे वळली. इटलीतल्या लढाईला त्यानंतर पहिल्या पानावर फारशी जागा मिळाली नाही. पण तिथली माणसं मरायची थांबली नव्हती.

जर्मनांचा डाव वेळ काढण्याचा होता. उत्तरेला त्यांची ‘गॉथिक लाइन’ ही तटबंदी बांधून व्हायची होती. तोवर मागे हटायचं, पण प्रत्येक टेकडीची किंमत वसूल करून. टायबर नदीच्या वरच्या अंगाला डोंगर जवळ जवळ येतात. वाटा अरुंद, उतारांवर द्राक्षमळे नि रान, आणि माथ्यावर एखादी मशीनगन नीट लावली की ती पुऱ्या कंपनीला अडवून धरू शकते. जवळपास लपून बसलेले दोन-चार नेमबाज तिच्या दिमतीला असतात. खालून चढणाऱ्याला ते दिसत नाहीत.

१० जुलैला मराठ्यांची एक कंपनी अशाच एका मोर्च्यावर चालून गेली.

यशवंतराव एका सेक्शनचे कमांडर होते. सेक्शन म्हणजे आठ-दहा माणसं. नाईकाला प्रत्येकाचं गाव, घर, खोड माहीत असते. कुणाचं पत्र आलं नाही हेही माहीत असतं. जवळच्या अंतरावरून मशीनगन सुरू झाली आणि हे सेक्शन संपलं. काही जागीच गेले, उरलेले जखमी होऊन पडले. उभा राहिला तो एकटा नाईक.

(दृश्य: डोंगरउतार, आवाज नाही)

इथे कुणीही अंग जमिनीला टेकवून मदतीची वाट पाहिली असती, आणि त्यात चूक काढायला कुणाला तोंड नव्हतं. पुढे काय झालं ते सरकारी राजपत्रात छापलेलं आहे. सोबत यायला कुणी उरलेलं नाही हे पक्कं ठाऊक असूनही नाईक घाडगे क्षणभरही न थांबता मशीनगनवर धावून गेले, असं त्यात नोंदवलंय. आधी त्यांनी हातबॉम्ब फेकला. त्याने मशीनगन बंद पडली आणि ती चालवणारा मेला. मग हातातल्या टॉमीगनने, म्हणजे छोट्या मशीनगनने, दुसऱ्याला टिपलं. अजून दोघे समोर होते आणि गोळ्यांचं मॅगझिन बदलायला वेळ नव्हता.

टॉमीगन रिकामी असली तरी साडेचार-पाच किलोंची असते. मागे लाकडी दस्ता, पुढे लोखंडी नळी. यशवंतरावांनी ती उलटी केली, नळी मुठीत धरली आणि दस्त्याने त्या दोघांनाही तिथेच संपवलं. नुकत्याच झाडलेल्या बंदुकीची नळी ती. हाताला केवढा चटका बसला असेल, ते राजपत्रात येत नाही.

मोर्चा हातात आला. आणि त्याच मोर्च्यात, एकट्याने जिंकलेल्या त्या जागी, लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून यशवंतराव घाडगे धारातीर्थी पडले.

(दृश्य: व्हिक्टोरिया क्रॉस, जवळून)

२ नोव्हेंबर १९४४ च्या राजपत्रात त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. ब्रिटिश साम्राज्याचा हा शौर्याचा सर्वोच्च सन्मान. गंमत अशी, की १९११ पर्यंत भारतीय शिपायाला तो मिळूच शकत नव्हता. रक्त चालत होतं, पदक चालत नव्हतं. मार्च १९४५ मध्ये दिल्लीत व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हस्ते यशवंतरावांच्या वीरपत्नी लक्ष्मीबाईंनी ते स्वीकारलं. कोकणातल्या वाडीतली एक तरुण विधवा, समोर हिंदुस्थानचा लाटसाहेब, आणि हातात काळपट काशाचा छोटासा क्रॉस.

दुसऱ्या महायुद्धात मराठा रेजिमेंटला दोन व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले, दोन्ही इटलीत. दुसरे मानकरी शिपाई नामदेव जाधव. त्यांनी एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर पराक्रम केला आणि ते घरी परतले.

आता एक अडचणीची गोष्ट. हा इतिहास आपला मानायचा की नाही, याबद्दल आपल्याकडे बराच काळ संकोच होता. ‘छोडो भारत’ला दोन वर्षंही झाली नव्हती, पुढारी तुरुंगात होते, आणि ही मुलं इंग्रजांच्या राजासाठी लढत होती. प्रश्न रास्त आहे. पण तो शिपायाला विचारण्यात अर्थ नाही. युद्ध पुकारताना त्याला कुणी विचारलं नव्हतं. आणि टायबरच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याच्या दारातून पाहिलं तर चित्र वेगळंच दिसतं. त्याच्या गावावर नाझींचा अंमल होता, तो ज्यांनी उठवला त्यांत साताऱ्याची, रत्नागिरीची, कुलाब्याची पोरं होती.

(दृश्य: मोंतोने, गल्ल्या आणि तट)

उंब्रिया प्रांतातलं, टायबरच्या याच वरच्या खोऱ्यातलं मोंतोने हे गाव टेकडीच्या माथ्यावर आहे. आपल्याकडचा एखादा डोंगरी किल्ला तटासकट नांदता राहावा तसं. जुलै २०२३ मध्ये या गावाने इटलीतल्या काही लष्करी इतिहासकारांच्या साथीने यशवंत घाडगे यांचं स्मारक उभारलं. ना पुतळा, ना तोफ. त्यांनी सूर्यघडी बसवली. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाची लॅटिन ओळ तिच्यासाठी निवडली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी तिथे जाऊन आदरांजली वाहिली.

इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांहून अधिक भारतीय लढले. तिथे दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ त्यांनी मिळवले. ५,७८२ परतले नाहीत. त्यांच्या नोंदी इटलीभरच्या ४० स्मशानभूमींत विखुरल्या आहेत.

(दृश्य: माणगाव, यशवंतरावांचा पुतळा)

माणगावात यशवंतरावांचा पुतळा आहे. तालुक्यात त्यांचं नाव ‘वीर’ लावूनच घेतात. लंडनमध्ये बकिंगहॅम राजवाड्याजवळच्या ‘मेमोरियल गेट्स’ या युद्धस्मारकाच्या घुमटीत व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानकऱ्यांची नावं आहेत, त्यांतही ते आहेत. त्यांची तिसरी बटालियन पुढे छत्रीधारी, म्हणजे पॅराशूटने उतरणारी झाली. आज ती दुसरी पॅरा म्हणून ओळखली जाते.

पण बाकीच्या हजारोंना पुतळे नाहीत. कोकणात, साताऱ्यात अनेक घरांतून ‘आमचे आजोबा इटलीत होते’, ‘थोरले काका परतलेच नाहीत’ एवढंच ऐकायला मिळतं. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या नोंदी आता कुणालाही मोफत पाहता येतात. पलटण आणि साल माहीत असेल तर शोध सोपा होतो. बऱ्याच नोंदींत वडिलांचं किंवा पत्नीचं नाव आणि गावही सापडतं. आडनाव मात्र साहेबाच्या कारकुनाने त्याच्या कानाला आलं तसं लिहिलंय. तेव्हा एका स्पेलिंगने नाव मिळालं नाही तर दुसऱ्याने पाहा, आणि तेही जमलं नाही तर गावाच्या नावाने.