काचेच्या टाकीतला शार्क

नमस्कार श्रोतेहो. सांगली-मिरजेत शोभेच्या माशांच्या दुकानात गेलात, की एखाद्या टाकीवर ‘शार्क’ अशी चिठ्ठी हमखास दिसते. आत बोटभर लांबीची, चंदेरी-करड्या रंगाची पिल्लं घोळक्यानं फिरत असतात. पाठीवरचा पर ताठ उभा, शेपटी खोल कापलेली. लहान मुलं तिथून हलायलाच तयार होत नाहीत. मग त्यातली दोन पिल्लं प्लॅस्टिकच्या पिशवीतून घरी येतात. त्या पिल्लांचं पुढं काय होतं, त्याबद्दल आज बोलायचं आहे.

हा मासा शार्क नव्हेच. त्याचं नाव पंगस. मेकाँग आणि चाओ फ्राया या आग्नेय आशियातल्या नद्यांमधला, मिशा असलेला, गोड्या पाण्यातला मासा. हॉटेलात बासा म्हणून जो ताटात येतो, तो बहुतेक वेळा हाच. नदीत तो चार फुटांच्या वर वाढतो, वजन चाळीस किलोंच्या पुढं जातं. आणि आपण त्याला ठेवतो कुठं? दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत. काठोकाठ भरली तरी तिच्यात 56 लिटर पाणी मावतं. खाली वाळू-दगड घातले की त्याहूनही कमी.

संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी अशा टाकीजवळ थांबून बघा. खोलीतला दिवा एकदम लावला, की पंगस दचकतो आणि तीरासारखा सुटून काचेवर आपटतो. त्याची नजर अधू असते, आणि काच ही गोष्ट त्याच्या नदीत कधी नव्हतीच. असं रोज होत गेलं, की नाकपुडीजवळची कातडी सोलवटून पांढरी पडते आणि त्या जागी बुरशी धरते. कधी भेदरून तो तळाशी आडवा पडतो, मेल्यासारखा. घरातले घाबरून जाळी घेऊन धावतात, तोवर तो उठून पोहायला लागलेला असतो. मधूनच वर येऊन हवेचा घोट घेतो, ते मात्र दुखणं नाही. हवेतून श्वास घ्यायची सोय त्याला निसर्गानंच दिली आहे. त्यामुळंच तो घाणेरड्या पाण्यातही तग धरतो, आणि तग धरतो म्हणून आपल्याला वाटतं, छान चाललंय त्याचं! छान काही चाललेलं नसतं. मला हे बघवत नाही.

‘शार्क’ याच नावाखाली दुकानात आणखी दोन मासे मिळतात. एकाला बाला म्हणतात, चंदेरी, काळ्या किनारीच्या परांचा. तो फूटभर वाढतो, त्याला सोबत लागते आणि टाकीला झाकण नसेल तर तो उडी मारून बाहेर पडतो. दुसरा काळाभोर, लाल शेपटीचा. तो आकारानं बेताचा, पण दुसऱ्याला आपल्या जागेत फिरकू देत नाही. एका टाकीत तो एकच ठेवावा. थायलंडच्या नद्यांतून तो जवळजवळ नाहीसा झाला आहे. दुकानात येतात ते पैदास केंद्रांतले.

आता कुणी म्हणेल, खरा शार्क पाळला तर? जगात लोक पाळतात. बांबू शार्क नावाची जात आहे, तळाशी पडून राहणारी, तुलनेनं शांत. अंड्यातून निघालेलं पिल्लू वीतभर असतं, पण वाढून तीन फुटांच्या आसपास जातं आणि वीस वर्षंही जगू शकतं. त्याला दोन हजार लिटरची टाकी दिली असं धरू. लिटरला 35 ग्रॅम या हिशेबानं पाणी खारं करायलाच 70 किलो मीठ लागेल, तेही समुद्री टाक्यांसाठी बनवलेलं. नुसत्या पाण्याचं वजन दोन टन. गावभागातल्या जुन्या वाड्याची माडी सोडाच, विश्रामबागेतल्या नव्या फ्लॅटमध्येही आधी इंजिनिअरला विचारावं लागेल. शिवाय आपला एप्रिल-मे. पारा चाळिशीला टेकतो, टाकीचं पाणी तापतं, पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो, आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. खरा शार्क हवा मिळवायला पंगससारखा वर येऊ शकत नाही. सांगलीत घरी हा प्राणी पाळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलांना शार्क बघायचाच असेल, तर रत्नागिरीला मिरकरवाडा बंदरावर सकाळी न्या. होड्या लागल्या की मुशी, म्हणजे आपल्याकडचा शार्क, उतरताना दिसते. शेपटीकडून डोक्याकडं तिच्या अंगावर हात फिरवू द्या. पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं, कारण तिच्या कातडीवर दातांसारखेच बारीक खवले असतात. हाडं मात्र नसतात. सगळा सांगाडा आपल्या कानात असते तशा लवचीक कूर्चेचा.

पंगस टाकीत मावेनासा झाला, की आपल्याकडं एक सोपा मार्ग काढला जातो. आयर्विन पुलाखाली नेऊन कृष्णेत सोडणं, नाहीतर गावातल्या काळ्या खणीच्या तळ्यात. सोडणाऱ्याच्या मनात दयाच असते, हे मला माहीत आहे. तरीही हात जोडून सांगतो, सोडू नका. कृष्णेला मिळणाऱ्या भीमेवर उजनीचं धरण आहे. तिथं टाक्यांमधला सकर मासा पसरला आहे. त्याच्या काटेरी परांनी जाळी फाटतात, आणि नुकसान सोसतो तो मासेमारीवर पोट असणारा माणूस. हरिपूरच्या संगमावर जाळं टाकणाऱ्यांवर ती पाळी आपल्या हातून का यावी? परसातल्या हौदात, शेततळ्यात ठेवलेले मासेही नदीपासून लांब आहेत असं समजू नका. 2005, 2019, 2021 सालच्या महापुरात पाणी कुठवर चढलं होतं, ते सगळ्यांनी पाहिलं आहे.

ज्यांच्या घरी आज पंगस आहे, त्यांनी दुकानदाराला परत घेण्याविषयी विचारावं. मोठा हौद असलेला, पूररेषेच्या वर राहणारा कुणी जाणकार हौशी मिळाला तर उत्तमच. तोवर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला, नळाचं पाणी क्लोरीन काढल्याशिवाय घालू नका आणि दिवा लावण्याआधी खोलीत थोडा उजेड येऊ द्या. मासा न्यायचा झाला तर पिशवी दुहेरी घ्या, त्याच्या परांच्या काट्यांनी ती फाटते. तिसरा हिस्सा पाणी, बाकी हवा, वरून ओलं फडकं, आणि निघायच्या आदल्या दिवशी त्याला खायला घालू नका.

नमस्कार.