अहवाल आला, पुढं काय?

नमस्कार श्रोतेहो.

पोलिसांच्या गैरवर्तनाची चौकशी लागते, अहवाल येतो, दोघं-तिघं निलंबित होतात आणि सोलापूरच्या पार्क चौकातली चर्चा दुसऱ्या विषयाकडं वळते. अहवालातल्या शिफारशी पाळल्या जातात का, हे मग कोण बघतं?

प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली पोलीस सुधारणांचे सात आदेश दिले. अंमलबजावणी बघायला २००८ साली न्यायमूर्ती थॉमस समिती नेमावी लागली, आणि २०१० साली तिनं राज्यांच्या उदासीनतेबद्दल खेद नोंदवला. त्या आदेशांत पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं जिल्हावार तक्रार प्राधिकरण होतं. महाराष्ट्रानं २०१४ साली कायदा दुरुस्त केला खरा, पण जिल्ह्याऐवजी महसुली विभागाला एक प्राधिकरण ठेवलं. आपला विभाग पुणे. अक्कलकोटच्या शेतमजुरानं कामाचा खाडा करून तिकडं किती खेपा घालायच्या?

सर्वोच्च न्यायालयाचाच आणखी एक आदेश डिसेंबर २०२० चा, परमवीर सिंह सैनी खटल्यातला. प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे हवेत. लॉकअपमध्ये, व्हरांड्यात, निरीक्षकांच्या खोलीतही. चित्रण अठरा महिने टिकावं, तशी यंत्रणा मिळत नसेल तर निदान वर्षभर. शहरातलं फौजदार चावडी ठाणं असो की सांगोल्याचं, नियम एकच.

कॅमेऱ्यांवर देखरेखीला जिल्हा समिती सांगितली आहे. तिच्यात विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि महापौर किंवा जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. कॅमेरे चालू आहेत का एवढंच तिनं बघायचं नाही. कुणी तक्रार केली नसली तरी चित्रण तपासून मारहाण झाली का, हेही शोधायचं. पण कॅमेरा चालू ठेवण्याची जबाबदारी ठाणेदाराची, आणि समितीत खुद्द अधीक्षक. आपल्याच खात्याचा पेपर आपणच तपासायचा, असला प्रकार. मला विचाराल तर यात उरतो तो लोकांनी निवडलेला एकच माणूस. तो बैठकीत चित्रण मागतो का? महापौर किंवा जिल्हा परिषद अध्यक्ष तुमच्या गल्लीत, गावात आले, की रस्ता-पाण्याबरोबर हेही विचारा: शेवटची बैठक कधी झाली, कोणत्या ठाण्याचं चित्रण पाहिलं?

आणखी एक. ठाण्याच्या दारात आणि आत कॅमेऱ्यांबद्दल मोठे फलक लावायचे आहेत, मराठीतही. हक्कभंग झाला तर चित्रण जपून ठेवायला लावण्याचा अधिकार पीडिताला आहे, हे त्यावर लिहिलेलं असायला हवं. तसा प्रसंग आलाच तर तारीख, वेळ आणि ठाण्याचं नाव घालून अर्ज त्याच आठवड्यात द्या, आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.