उष्णतेची वाट : घरी जुळवलेल्या संगणकातील प्रोसेसरचे तापमान

मित्रहो, स्वतःच्या हाताने संगणक जुळवणारा माणूस तो पहिल्यांदा सुरू झाला की लगेच प्रोसेसरचे, म्हणजे सगळे हिशेब करणाऱ्या मुख्य चिपचे, तापमान पाहतो आणि विचारतो, "एवढे चालेल ना?" ही काळजी अगदी रास्त आहे, पण या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देणे मला नेहमीच अपुरे वाटत आले आहे. पडद्यावर दिसणारे तापमान तीन गोष्टींवर ठरते : चिप किती वॅट वीज खाते, त्यातून होणारी उष्णता बाहेरच्या हवेपर्यंत पोहोचताना वाटेत किती अडते आणि खोलीतली हवा मुळात किती गरम आहे. या तिन्ही गोष्टी वेगळ्या काढून पाहिल्याशिवाय नुसत्या आकड्यावरून काही करायला जाणे म्हणजे अंधारात चाचपडणे होय.

एक साधे गणित करू. खोलीत २८ अंश सेल्सिअस आहे, प्रोसेसर १२५ वॅट खातो आहे आणि बराच वेळ काम चालल्यावर तो ७८ अंशांवर स्थिरावला आहे. फरक ५० अंशांचा, म्हणजे दर वॅटमागे ०.४ अंश. चिपची उष्णता काढून घेणारा कूलर, त्याच्या तळाशी लावलेली पेस्ट, कॅबिनेट आणि स्वतः चिप या सगळ्यांचा मिळून हा अडथळा झाला. उद्या खोली ३६ अंशांवर गेली तर तोच संगणक, काहीही न बिघडता, साधारण ८६ अंश दाखवील. म्हणूनच दोन संगणकांची तुलना करताना मी नेहमी खोलीच्या तापमानाशी असलेला फरक पाहतो. खोलीचा आकडा न सांगता दिलेल्या तापमानावरून कूलरची पारख करता येत नाही.

आता धोक्याच्या रेषेविषयी. प्रत्येक प्रोसेसरला उत्पादकाने कमाल तापमान ठरवून दिलेले असते. इंटेलच्या अलीकडच्या अनेक कोअर प्रोसेसरांसाठी ते १०० अंश आहे. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांसाठी ९५, तर रायझन ७ ७८००एक्स३डी साठी ८९. या मर्यादेला पोहोचल्यावर प्रोसेसर स्वतःहून वेग आणि व्होल्टेज उतरवतो, ज्याला थ्रॉटलिंग म्हणतात, आणि तरीही तापमान चढतच राहिले तर संगणक बंद पडतो. त्यामुळे जड काम चालू असताना ९० अंश दिसले म्हणून चिप आता जळणार असे समजण्याचे कारण नाही. मात्र याचा अर्थ काळजी सोडावी असाही नव्हे. तापलेल्या चिपमधून गळणारा विद्युतप्रवाह वाढतो, तेवढ्याच कामाला अधिक वीज लागते आणि पंखे सतत घोंघावत राहतात.

चिपमधून निघालेली उष्णता आधी वरच्या धातूच्या झाकणात येते, मग थर्मल पेस्टमधून कूलरच्या तळात, तिथून उष्णतानलिकांमधून पातळ पत्र्यांमध्ये, पत्र्यांतून कॅबिनेटमधल्या हवेत आणि शेवटी खोलीत. या वाटेचा पहिला टप्पा आपल्या हातात नसतो, आणि अलीकडे सर्वांत अरुंद तोच झाला आहे. रायझन ७ ७७००एक्स मध्ये सगळे कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे विभाग, जेमतेम ७० चौरस मिलिमीटरच्या तुकड्यावर बसलेले आहेत आणि हा प्रोसेसर १४२ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो. तेवढ्याशा जागेतून बहुतेक उष्णता बाहेर पडायची असल्यामुळे उत्तम कूलर लावूनही काम सुरू होताच तापमान क्षणात वीस-तीस अंशांनी उडी घेते. ही उडी पाहून अनेक जण कूलर बदलायला निघतात, तेव्हा मला फार वाईट वाटते, कारण त्या कूलरचा काहीही दोष नसतो.

दोष कुठे आहे हे ओळखायचे असेल तर तापमान किती आहे यापेक्षा ते कसे चढते, हे पाहावे. सर्व कोअर कामाला लावा आणि आलेखावर नजर ठेवा. तापमान दोन-तीन सेकंदांत थेट कमाल मर्यादेला जाऊन भिडले आणि त्या वेळी वॅटचा आकडा फारसा मोठा नसेल, तर कूलरचा तळ झाकणावर नीट टेकलेला नाही. एखादा स्क्रू ढिला असेल, पेस्ट पुरेशी पसरली नसेल किंवा तळावरची पारदर्शक संरक्षक फिल्म काढायची राहिली असेल. हे शेवटचे वाटते त्यापेक्षा पुष्कळदा घडते. याउलट पहिल्या मिनिटाला आकडा समाधानकारक असेल आणि पुढची पंधरा-वीस मिनिटे तो हळूहळू चढत राहिला, तर पेस्टला हात लावू नका. अशा वेळी कॅबिनेटमधली हवा तापते आहे. कॅबिनेटची बाजूची काच उघडून तेच काम पुन्हा चालवा. तापमान पाच-सात अंशांनी उतरले तर समोरून हवा आत यायला पुरेशी जागा नाही, किंवा आलेली हवा मागून आणि वरून बाहेर पडत नाही, असे खुशाल समजा. गेम खेळताना ग्राफिक्स कार्डही आपली शेकडो वॅट उष्णता त्याच पेटीत सोडते, हेही विसरू नये.

पेस्टबद्दल थोडे. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० (वॅट प्रति मीटर प्रति केल्विन), चांगल्या पेस्टची त्याच एककात दहाच्या आसपास किंवा त्याहून कमी आणि स्थिर हवेची ०.०२६ इतकी. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा कितीतरी चांगली, पण धातूपुढे फारच मंद. तिचे काम दोन पृष्ठभागांमधल्या बारीक फटीतली हवा हटवणे एवढेच. मध्यभागी मटारच्या दाण्याएवढी पेस्ट ठेवून स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळत नेले की पुरते. गॅलियमयुक्त द्रवधातू अधिक वाहक असतो हे खरे, परंतु तो ॲल्युमिनियम खातो आणि वीजही वाहून नेतो, त्यामुळे घरच्या संगणकात तो वापरण्याचा सल्ला मी देणार नाही.

पाण्याच्या कूलरमध्येही उष्णता अखेर हवेतच सोडावी लागते. पंप पाणी ज्या जाळीत थंड व्हायला पाठवतो त्या रेडिएटरचा वरचा भाग पंपाहून उंच असावा, म्हणजे आतली हवा पंपात न अडकता वर जाऊन राहते; पंप एकसारख्या वेगाने चालू द्यावा. हवेच्या कूलरच्या पंख्यांबाबत मात्र बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूलभूत सेटिंगमध्ये, थोडा वेळ घालवावा. वर सांगितलेल्या क्षणिक उड्यांमागे पंखा धावू नये म्हणून वेग बदलण्यात काही सेकंदांचा विलंब ठेवता येतो. तापमान तेवढेच राहते आणि सततची चढ-उताराची घरघर थांबते.

सर्वांत मोठा उपाय मात्र वाटेच्या उगमापाशी आहे. चिपची वीज साधारणपणे व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात वाढते. वेग ५.२ वरून ४.८ गिगाहर्ट्झवर आणि व्होल्टेज १.३५ वरून १.२० वर आणले, तर वेग सुमारे ८ टक्क्यांनी घटतो आणि वीज सुमारे २७ टक्क्यांनी. अनेक प्रोसेसर शेवटच्या थोड्याशा वेगासाठी फार मोठी किंमत विजेत मोजतात, कारण कारखान्यातून ते तसेच ताणून पाठवलेले असतात. मघाच्या उदाहरणात १२५ ऐवजी ९० वॅटची मर्यादा घातली तर फरक ५० वरून ३६ अंशांवर येतो आणि प्रोसेसर ६४ अंशांवर राहतो. एवढा फरक महागडा कूलर घेऊनही सहसा पडत नाही. बायोसमध्ये वॅटमर्यादेची ही नोंद असते आणि ती घालण्यात धोका नाही.

व्होल्टेज उतरवणे हे त्याच्या पुढचे पाऊल असून तिथे धीर धरावा लागतो. एका वेळी थोडेच उतरवावे आणि प्रत्येक बदलानंतर संगणक स्थिर आहे का ते तपासावे. इथे एक गोष्ट हमखास चकवते : पूर्ण भारावर तासभर सुरळीत चाललेला संगणक नंतर रिकामा बसला असताना अचानक बंद पडतो. हलक्या कामात एकच कोअर सर्वोच्च वेगाला जातो आणि त्याच क्षणी त्याला व्होल्टेज अपुरे पडते. म्हणून जड चाचणीबरोबरच संगणक रात्रभर नुसता चालू ठेवूनही पाहावा, आणि तो बंद पडला तर उतरवलेले व्होल्टेज एक पायरी परत वाढवावे.