ओझं किती किलोचं, आणि किती लांब?

(दृश्य: गोदाम. एक कामगार जमिनीवरचा खोका उचलतोय.)

खोका काही फार जड नाही. पण तो अंगापासून किती लांब आहे, ते बघा. मध्ये पॅलेटची, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटीची, कड आलीय, पाय पुढे टाकायला जागाच नाही. मग माणूस कमरेतून वाकतो, हात लांबवतो आणि सगळा ताण पाठीच्या खालच्या मणक्यांवर येतो.

ओझं उचलण्याचा हिशेब मांडता येतो. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या सरकारी संस्थेने १९९१ साली सुधारलेल्या सूत्रात सगळं जुळून आलं, तरी मर्यादा २३ किलोचीच आहे. सगळं जुळून येणं म्हणजे पकड पक्की, कंबर न वळवता उचल, ओझं मांडीच्या उंचीवर आणि हात घोट्यांपासून फक्त २५ सेंटीमीटर पुढे. हेच अंतर ५० सेंटीमीटर झालं की मर्यादा निम्म्यावर येते, साडेअकरा किलो. त्यात खोका जमिनीवरून उचलायचा असेल, तर नऊ किलोच्याही खाली. उचलता उचलता वळायचं असेल, किंवा मिनिटाला पाच-सहा खोके असतील, तर त्याहून कमी.

बरेच ठिकाणी यावर उपाय म्हणून कंबरपट्टे वाटतात. फोटो छान येतो! पण धडधाकट माणसाची पाठ पट्ट्यामुळे वाचते, याला भक्कम पुरावा नाही. त्यापेक्षा पॅलेट वर-खाली होणाऱ्या टेबलावर ठेवा आणि त्याच्या चारही बाजूंनी फिरायला वाट सोडा.

(दृश्य: पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा साच्यात दाबून कापणारं यंत्र. ऑपरेटरचे दोन्ही हात दोन बटणांवर.)

या प्रेसला दोन बटणं आहेत, एकमेकांपासून लांब. दोन्ही हात तिथे गुंतल्याशिवाय साचा खाली येत नाही, म्हणजे बोटं साच्याखाली जाण्याचा प्रश्नच नको. तरीही एखाद्या बटणात पाचर ठोकलेली सापडते, म्हणजे ते दाबलेलंच राहतं. सुपरवायझर ओरडतो, मेमो देतो. नगाचं टार्गेट एका हाताने काम केल्याशिवाय पुरं होत नसेल, तर मेमो कुणाला द्यायचा?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ विमानं धावपट्टीवर उतरल्यानंतर पोटावर बसत होती. वैमानिक पंखांचे फ्लॅप (उतरताना पंखांमागे उघडणाऱ्या पट्ट्या) मिटायला जात आणि चुकून चाकंच मिटत. तिथेही नोंद व्हायची माणसाच्याच, म्हणजे वैमानिकाच्या चुकीची. अल्फॉन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट तपासलं, तर दोन्ही स्विच शेजारी-शेजारी आणि दिसायला सारखे. त्याने चाकांच्या स्विचवर छोटं चाक बसवलं, फ्लॅपच्या स्विचवर पाचरीसारखा तुकडा. आता न बघताही हाताला फरक कळू लागला.

(दृश्य: शिफ्ट सुटताना. भिंतीवर माणसाच्या आकृतीचा कागद.)

हेल्मेट, हातमोजे, सेफ्टी शूज हवेतच, पण धोका मुळातून काढणं किंवा यंत्राला गार्ड बसवणं जिथे जमत नाही, तिथे ते उरलेला भाग सांभाळतात. आणि धोका आहे कुठे, हे कळायला अपघाताची वाट बघायची गरज नाही. काही कारखान्यांत माणसाच्या आकृतीचा असा कागद लावतात. शिफ्ट संपली की ज्याला जिथे दुखतंय, तिथे त्याने खूण करायची, नाव लिहायचं नाही. सगळ्या खुणा उजव्या खांद्यावर जमल्या, तर गोळ्या वाटण्याआधी वरच्या रॅकची उंची मोजा. रोजचा माल तिथे ठेवला असेल, तर तो खांद्याच्या खाली आणा आणि महिनाभराने नवा कागद लावा.