अमेरिकेत अध्यापन आणि दोन वर्षांची करमाफी: तिसऱ्या वर्षाचा धोका

नमस्कार. अमेरिकेतील विद्यापीठांत शिकवायला किंवा संशोधनासाठी गेलेले अनेक भारतीय प्रेक्षक कमेंटमध्ये एकच प्रश्न विचारतात: "दोन वर्षे करमाफी, मग तिसऱ्या वर्षापासून कर भरायचा, एवढेच ना?" नाही, एवढेच नाही, आणि या समजुतीपायी लोकांना मोठा भुर्दंड पडतो.

मूळ तरतूद बहुतेकांना ठाऊक आहे. भारत-अमेरिका करकराराच्या कलम २२ नुसार अमेरिकेतील अध्यापन किंवा संशोधनाच्या पगारावर तिथला आयकर दोन वर्षे माफ होतो; त्यासाठी तुम्ही जाण्याच्या लगेच आधी भारताचे रहिवासी असावेत, संस्था मान्यताप्राप्त असावी आणि संशोधन मुख्यतः कोणाच्या खासगी लाभासाठी नसावे. दरवर्षी नवा फॉर्म ८२३३, म्हणजे या माफीची मागणी करणारा अर्ज, विद्यापीठाच्या पगार विभागाकडे द्यावा लागतो. कॅलिफोर्नियासारखी राज्ये हा करार मानत नाहीत, त्यामुळे तिथे राज्याचा कर लागतोच.

आता खरी मेख. दोन वर्षांची मर्यादा केवळ माफीला नाही, तुमच्या मुक्कामालाही आहे. मुक्काम त्यापुढे गेला, तर अमेरिकी करखात्याच्या ‘प्रकाशन ९०१’ या करकरारांवरील माहितीपुस्तिकेनुसार माफी पहिल्या दिवसापासून रद्द होते.

तारखा घालून पाहू. समजा, तुम्ही १५ ऑगस्ट २०२३ रोजी पोहोचलात आणि ऑगस्ट २०२५ मध्ये परतण्याऐवजी डिसेंबरपर्यंत शिकवत राहिलात. कर फक्त शेवटच्या चार महिन्यांच्या पगारावर लागत नाही. २०२३ आणि २०२४ ची विवरणपत्रेही दुरुस्त करून जुना कर व्याजासह भरावा लागतो. शिवाय हा काळ पहिल्या पगारापासून नव्हे, त्या कामासाठी अमेरिकेत पाऊल ठेवले त्या दिवसापासून मोजला जातो.

"माफी विद्यापीठाने दिली, मग जबाबदारी त्यांची," असे एका प्रेक्षकाने लिहिले आहे. हे वाचून मला मनापासून काळजी वाटते, कारण त्या फॉर्मवर सही तुमची असते आणि थकलेल्या कराची नोटीसही तुमच्याच नावाने येते.

म्हणून नियुक्तिपत्र सुरुवातीलाच तीन वर्षांचे असेल, तर माफी मागूच नका. आणि दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस विभागप्रमुखांनी आनंदाने मुदतवाढ देऊ केली, तर होकार कळवण्याआधी आजवर माफ झालेल्या पगारावर किती कर निघतो याचा हिशेब मांडा आणि तेवढी रक्कम हाताशी आहे का, ते पाहा.